टर्कीचं तीस-सत्तर

महेश्वर हिरेमठांनी एखाद्या बाटलीकडे इतक्या प्रेमाने पाहिलं ते आयुष्यात पहिल्यांदाच, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, आणि तेही जनावरांच्या डॉक्टरीणबाईंसमोर. गैरसमज नको. बाटली अंगठ्याएवढी होती, तिच्यात इन्सुलिन होतं, आणि ते टर्कीसाठी होतं. टर्की म्हणजे महेश्वरांचा कुत्रा. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या ज्या टॉवेलच्या कारखान्यात महेश्वर डाइंग मास्टर, म्हणजे रंगाचे उस्ताद, आहेत, तिथे टर्किश टॉवेलांच्या गठ्ठ्यांमागे नऊ वर्षांपूर्वी हे पांढरं, झिपरं पिल्लू सापडलं होतं. त्याचं बारसं करायची गरजच पडली नाही.

टर्कीला साखर झाली हे घरात कळलं ते पाण्यावरून. ज्या शहरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, तिथे कुत्र्याने दिवसाला बादली संपवली तर ती गोष्ट लपून राहत नाही. महेश्वरांच्या पत्नी सिद्धेश्वरी यांना आधी वाटलं, टाकी गळतेय. टाकीची तपासणी झाली, प्लंबर झाला, आणि मग कुणीतरी टर्कीकडे पाहिलं. बादली एका बाजूने आत जात होती आणि गल्लीतल्या सगळ्या दुचाक्यांच्या चाकांवर बाहेर पडत होती. टर्की वाळला मात्र होता.

डॉक्टर शिवानी बिराजदार यांनी महिनाभर साधं, एकाच जातीचं इन्सुलिन देऊन पाहिलं. जेवण झालं की टर्कीची साखर उसळी मारायची. म्हणून त्या दिवशी त्यांनी ही नवी बाटली टेबलावर ठेवली.

"काका, हे तयार मिक्स आहे. यात तीस टक्के पटकन काम करणारं आणि सत्तर टक्के सावकाश, बराच वेळ काम करणारं इन्सुलिन. पहिलं जेवणानंतरची साखर आवरतं, दुसरं दिवसभर मागे राहून सांभाळतं."

'मिक्स' हा शब्द ऐकला आणि महेश्वर खुर्चीच्या काठावर आले. एकतीस वर्षं त्यांनी दुसरं केलं काय होतं? मोरपंखी, डाळिंबी, राखाडी, जी शेड मागाल ती बादलीत तयार. आजवर दवाखान्यात गेलं की डॉक्टरांनी बोलायचं आणि महेश्वरांनी मान हलवायची. आज पहिल्यांदा औषध त्यांच्या खात्यात आलं होतं.

"मग मॅडम, आपण पस्तीस-पासष्ट करून बघायचं का? तिसाचा हात जरा हलका वाटतोय."

"नाही काका. ते कारखान्यातच ठरून येतं. आपल्याला फक्त एकूण डोस कमीजास्त करता येतो. तीस वाढवलं की सत्तरही वाढणार. हा त्याचा सोपेपणा आणि हीच अडचण. म्हणून सगळ्या जनावरांना हे मी देत नाही. टर्कीला जमेल असं वाटतंय, पण लक्ष ठेवावं लागेल."

मग त्यांनी सूचना सांगितल्या. आधी जेवण, मग सुई. दोन सुयांमध्ये बारा तास. बाटली हलवायची नाही, तळहातांत हळू घोळवायची. गोड पूर्ण बंद. पाचवीही एक सूचना होती. पण तोवर महेश्वरांनी खिशातून रंगांच्या नमुन्यांचं शेडकार्ड काढून त्याच्या पाठीवर तिसाची एक रेघ आणि सत्तरची एक रेघ असा आलेख काढायला घेतला होता. पाचव्या सूचनेला त्यांनी नुसतं "हो हो" म्हटलं.

औषध घ्यायला ते मृत्युंजयच्या मेडिकलमध्ये गेले. मृत्युंजयने चिठ्ठीवरचं औषधाचं नाव तेवढं वाचलं आणि कंप्युटरकडे वळला.

"पेशंटचं नाव?"

"टर्की."

"पूर्ण लागतं, मास्तर. त्याशिवाय बिल पुढं सरकत न्हाय."

महेश्वर जरा घुटमळले. "टर्की महेश्वर हिरेमठ."

"वय?"

"नऊ."

मृत्युंजयची बोटं थांबली. त्याने चष्मा काढला. "एवढंसं लेकरू," तो म्हणाला. "धीर धरा मास्तर." आणि एक थर्मामीटर त्याने तसाच पिशवीत टाकला. महेश्वरांना खुलासा करायचा होता, पण मागे रांग होती, आणि शिवाय सहानुभूती ही गोष्ट त्यांना घरी फारशी मिळत नसे.

रांगेत कारखान्यातलं कुणीतरी असावं, कारण त्याचा परिणाम दुसऱ्या दिवशी कारखान्यात दिसला. मॅनेजर युवराजसाहेबांनी त्यांना रंगाच्या टाक्यांमागे नेऊन खांद्यावर हात ठेवला. "मास्तर, एवढं मोठं दुखणं घरात, आणि आम्हाला बोललासुद्धा नाहीत?" महेश्वरांना वाटलं, साहेब किती प्राणिप्रेमी आहेत. त्यांनी साहेबांना टाकीवर खडूने तीस-सत्तरचा आलेख काढून दाखवला. साहेबांचे डोळे भरून आले. मुलावर इतका जीव असलेला बाप त्यांनी पाहिला नव्हता.

आता गल्लीकडे वळायला हवं, कारण गल्लीशिवाय सोलापुरात कुठलंच औषध लागू पडत नाही. महेश्वरांच्या समोरच वीरभद्रप्पा, म्हणजे गल्लीचे अप्पा, राहतात. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त, आणि बावीस वर्षांचे मधुमेही. इन्सुलिन? तेच. तीस-सत्तर. सकाळ-संध्याकाळ. महेश्वरांची बाटली पाहून त्यांना झालेला आनंद सख्खा भाऊ भेटल्यासारखा होता.

"अरं महेश्वर, ह्या लाइनीत आपन शीनियर हाय की! तू त्या डॉक्टरीणबाईला कशाला तरास देतो? मला इचार." ओट्यावर मांडी ठोकून त्यांनी व्याख्यान सुरू केलं. "ह्यात मेन म्हंजी पथ्य. जिभेवर ताबा. बावीस वर्सं झाली, साखरेचा दाना तोंडात घातला न्हाय. इचार तुझ्या अक्काला."

अक्का म्हणजे त्यांच्या पत्नी गौरम्मा. त्या दारातूनच म्हणाल्या, "आमच्या घरात साखरच न्हाय तर खातील कुटनं?" त्यांच्या आवाजात असा काही अभिमान होता की महेश्वरांना स्वतःच्या घरातला साखरेचा डबा आठवून लाज वाटली.

अप्पांच्या सल्ल्याने पहिला आठवडा गेला. अप्पा म्हणाले, सुई ती सुई, कुठली बी चालतीय. म्हणून महेश्वरांनी मिलिलिटरला चाळीस युनिटच्या बाटलीला चालणाऱ्या लाल टोपणाच्या सुयांऐवजी अप्पांच्या कपाटातल्या नारिंगी टोपणाच्या, मिलिलिटरला शंभर युनिटवाल्या सुया वापरल्या. त्यामुळे टर्कीला सहा युनिटच्या नावाखाली अडीचसुद्धा मिळत नव्हतं. शिवाय बाटली तळहातात घोळवायची म्हणजे काय, हे महेश्वरांच्या हाताला पटेना. एकतीस वर्षांची सवय! रंग म्हटलं की घुसळायचा, तळाला गाळ राहता कामा नये. त्यांनी बाटली अशी काही खळखळवली की आत फेस झाला आणि सुईत औषधापेक्षा हवाच जास्त आली.

"काका!" डॉक्टरीणबाईंनी बाटली हातात घेऊन उजेडात धरली. "हा काय टॉवेलचा रंग आहे का?"

महेश्वरांचा अपमान झाला. पण ते कसबी माणूस. त्यांनी घरी जाऊन रिकाम्या बाटलीवर दोन दिवस घोळवण्याचा सराव केला. तिसऱ्या दिवशी बाटली तळहातांत अशी फिरू लागली की सिद्धेश्वरी म्हणाल्या, "लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, माझा हात असा कधी धरला नाहीत." लाल टोपणाच्या सुया आल्या. नवी बाटली आली. आठच्या ठोक्याला टर्कीपुढे जेवण, सव्वाआठला मानेच्या कातडीची चिमूट, आणि टुच. टर्कीला कळतसुद्धा नसे. आता सगळं शास्त्रशुद्ध होतं.

आणि तरीही साखर उतरेना.

सकाळी दोनशे नव्वद, संध्याकाळी चारशे दहा. सहाचे आठ युनिट झाले. संध्याकाळी तीनशे नव्वद. आठचे दहा झाले. चारशे. डॉक्टरीणबाईंनी आकड्यांवरून दोनदा बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "काका, कुणीतरी याला गोड घालतंय."

महेश्वर ताडकन उठले. गोड! त्यांच्या मिक्समध्ये बाहेरचा माल!

त्याच रविवारी गल्लीत धाड पडली. धाडच म्हणायची. टर्कीच्या गळ्यात पुठ्ठ्याची पाटी आली: 'मला गोड देऊ नका. मी आजारी आहे.' महेश्वर वही घेऊन घरोघर गेले. साखर कुठे ठेवता, गूळ कुठे ठेवता, खिडकी कुत्र्याच्या उंचीवर आहे का. पाचव्या घरी त्यांनी लाडूंचा डबा पकडला आणि तो लोखंडी कपाटात ठेवेपर्यंत ते दारातून हलले नाहीत. स्वतःच्या घरातली साखर आणि गुळाची ढेप त्यांनी पोत्यात घालून मेव्हण्याकडे मंगळवेढ्याला एसटीने पाठवून दिली. सिद्धेश्वरी तीन आठवडे बिनसाखरेचा चहा पीत होत्या आणि प्रत्येक घोटाला नवऱ्याकडे बघत होत्या.

"आपल्याला दुसऱ्याच्या घरात शिरायचं नव्हतं," महेश्वर म्हणाले, "पण औषधाचा मान राखायला नको?"

धाडीत एकच घर सुटलं. वीरभद्रप्पांचं. बावीस वर्षं साखर नसलेल्या घरात काय शोधायचं? उलट अप्पाच वही धरून बरोबर फिरले. "लोकान्ला शिस्त न्हाय बग," ते प्रत्येक दारातून बाहेर पडताना म्हणत.

सिद्धेश्वरींना तेवढं एक जाणवलं होतं. टर्कीला डब्याच्या झाकणाचा आवाज सहन होत नसे. गल्लीत कुठेही डबा उघडला की हा तिथे जाऊन भुंकणार, काहीतरी पदरात पडेपर्यंत. सकाळी पिठाचा डबा, भुंक. संध्याकाळी शेंगाचटणीचा डबा, भुंक. "दुपारी तीनला तेवढा गप्प असतो," त्या एकदा म्हणाल्या. महेश्वर त्या वेळी कारखान्यात असत. त्यांनी या माहितीची वहीत नोंद केली नाही.

धाडीनंतरही संध्याकाळचा आकडा चारशेच. डॉक्टरीणबाईंनी सकाळचा डोस नाइलाजाने बारा केला आणि सांगितलं, "शुक्रवारी रजा घ्या. दिवसभर दर दोन तासांनी साखर तपासा. काही वेगळं दिसलं, शंभरच्या खाली गेलं, तर मला लगेच फोन."

रजेचा अर्ज कंप्युटरवर भरायचा होता. कारण: घरातील रुग्णाची देखभाल. रुग्णाशी नाते: पत्नी, मुलगा, मुलगी, आई, वडील. याखेरीज रकानाच नव्हता, आणि रकाना भरल्याशिवाय अर्ज पुढे जात नव्हता. महेश्वरांनी बराच वेळ पडद्याकडे पाहिलं आणि 'मुलगा' या शब्दावर बोट ठेवलं. खोटं बोलल्यासारखं त्यांना मुळीच वाटलं नाही. युवराजसाहेबांनी दोन मिनिटांत मंजुरी दिली आणि खाली लिहिलं, 'काळजी घ्या.'

गुरुवारी संध्याकाळी महेश्वरांनी ही बारा युनिटची बातमी ओट्यावर अप्पांना सांगितली. अप्पांचा चेहरा उतरला.

"बारा? एवढ्याशा जिवाला बारा? मी दहाच घेतो की रे."

"काय करणार अप्पा. साखर कुठून येते कळत नाही."

अप्पा उठले, आत गेले, आणि त्या दिवशी त्यांनी पुढचं व्याख्यान दिलं नाही.

शुक्रवार उजाडला. महेश्वर आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार. ओट्यावर टेबल, टेबलावर साखर मोजायचं यंत्र, आणि भिंतीला चिकटवलेला पांढराशुभ्र तक्ता. टर्कीच्या कानाच्या कडेला बारीक टोचायचं, थेंब घ्यायचा, आकडा मोठ्याने वाचायचा. सकाळी आठ: तीनशे तीस. जेवण. सुई. बारा युनिट.

दहा वाजता: दोनशे पंचावन्न.

"उतरली!" महेश्वर ओरडले. दुधवाला थांबला.

बारा वाजता: एकशे ऐंशी.

आता गल्ली जमायला लागली. महेश्वर हातात पट्टी घेऊन तक्त्यासमोर उभे. "हे बघा, हा तिसाचा उतार. पहिले काही तास. आणि हा इथून सत्तर आला! अगदी डॉक्टर बोलल्या तसा!" बायका स्वयंपाक टाकून आल्या होत्या. कुणाला काही कळत नव्हतं, पण रेघ खाली येत होती आणि मास्तर नाचत होते, त्यामुळे सगळ्यांनाच आनंद झाला. सिद्धेश्वरींनीही बिनसाखरेचा चहा केला आणि तो आज पहिल्यांदा हसून दिला.

दोन वाजता: एकशे अठरा!

कुणीतरी टाळ्या वाजवल्या. महेश्वरांनी टर्कीचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि त्याच्या कपाळावर स्वतःच्या कपाळाची विभूती टेकवली. एकतीस वर्षांत एवढी नेमकी शेड त्यांना लागली नव्हती. पेढे वाटावेत असं त्यांच्या मनात आलं, आणि मग आठवलं की पेढ्यांवर त्यांनीच बंदी घातली आहे.

वीरभद्रप्पा मात्र समोर आपल्या ओट्यावरून उठले नव्हते. ते एवढंच म्हणाले, "आता बास झालं की उतरायचं."

उन्हं रणरणायला लागली, माणसं पांगली, किराणा दुकानाचं शटर दुपारचं पडलं. तीन वाजता टर्की उठला आणि सवयीने अप्पांच्या ओट्यासमोर जाऊन बसला. अप्पांनी तोंड फिरवलं. टर्कीने एक पाय वर केला. अप्पांनी डोळे मिटले. महेश्वर तक्त्यावर रंगीत पेनने रेघ जाड करत होते.

साडेतीनला टर्की परत आला तो तिरका चालत. दाराच्या कडेला थडकला. मग मागचे पाय फाकून खाली बसला आणि थरथरायला लागला.

"टर्की?"

टर्कीने नावाला मान वर केली नाही. महेश्वरांनी यंत्र काढलं, कानाला टोचलं. आकडा आला सेहेचाळीस.

त्या क्षणी तक्ता, उतार, तीस आणि सत्तर, सगळं महेश्वरांच्या डोक्यातून पुसलं गेलं. कुत्रा त्यांच्या मांडीवर गार पडत चालला होता. त्यांना फक्त एवढंच कळत होतं की आपणच आपल्या हाताने, मोठ्या हौसेने, हे घडवलंय. सिद्धेश्वरींनी फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"साखर!" डॉक्टरीणबाई ओरडल्या. "साखर नाहीतर गूळ, पाण्यात कालवून हिरड्यांना चोळा! घशात ओतू नका. आणि लगेच घेऊन या. घरात हाताशी साखर ठेवा म्हटलं होतं ना मी, काका? पाचवी सूचना!"

महेश्वरांनी सिद्धेश्वरींकडे पाहिलं. साखर मंगळवेढ्यात होती.

टर्कीला ओट्यावर निजवून ते अनवाणी गल्लीत धावले. "साखर आहे का? साखर?"

पहिल्या दाराने आतून कडी लावली. "न्हाय हो मास्तर! शप्पत!" दुसऱ्या दारात बाई साखरेचा रिकामा डबा उपडा करून उभी राहिली. "बघा, दाना न्हाय. त्या रविवारीच तुमी बघून गेलाव की." तिसऱ्या घरातले आजोबा खिडकीतून म्हणाले, "आमी सोडली, मास्तर. तुमच्या शब्दासाठी सोडली." पाचव्या घरातल्या लोखंडी कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली नोकरीवर गेली होती. महेश्वर रस्त्याच्या मधोमध उभे राहून रडकुंडीला येऊन ओरडले, "अहो, धाड नाही! खरंच हवीय!" आणि दारं आणखीच गच्च लागली. एवढी कडक शिस्त त्या गल्लीत आजवर कुणालाही लावता आली नव्हती.

आरडाओरड्याने गौरम्मा झोपेतून उठून दारात आल्या. "काय झालं? साखर? अय्यो, आमच्यात कुटली साखर, बावीस वर्सं..."

वीरभद्रप्पा ओट्यावरून उतरले. त्यांनी एकदा बायकोकडे पाहिलं. एकदा समोरच्या ओट्यावर पडलेल्या टर्कीकडे पाहिलं. मग ते घराच्या कडेला गेले, जिथे नळाच्या मोटारीची लोखंडी पेटी आहे. शॉक बसतो म्हणून गौरम्मा त्या पेटीला कधी हात लावत नाहीत, हे गल्लीला माहीत होतं. अप्पांनी पेटी उघडली, मोटारीमागे हात घातला आणि एक पितळी डबा बाहेर काढला.

झाकण निघालं. टण्ण!

त्या आवाजाला टर्कीचा एक कान हलला.

डब्यात शेंगा पोळ्यांची चवड होती. गूळ आणि शेंगदाण्याच्या कुटाने भरलेल्या, खमंग, पातळ. दुकानातून आणलेल्या. गल्लीभर तो वास पसरला. अप्पांनी एक पोळी फोडली, आतला गूळ बोटाने ओरबाडून काढला, सिद्धेश्वरींनी आणलेल्या पाण्यात कालवला आणि समोरच्या ओट्यावर बसून टर्कीच्या हिरड्यांना चोळायला लागले. "घे रे माझ्या राजा. घे. चुकलो मी. घे."

महेश्वर शेजारी बसून टर्कीचं डोकं धरून होते. चार-पाच मिनिटं गेली, ती महेश्वरांना महिन्यासारखी वाटली. मग टर्कीची जीभ बाहेर आली. तिने अप्पांचं बोट चाटलं. मग अंगठा. मग टर्कीने मान वळवली आणि डब्याकडे पाहिलं, आणि महेश्वर लहान मुलासारखे हुंदके देऊन रडले.

दवाखान्यात टर्कीला सलाइन लावलं. टेबलाभोवती दोन्ही जोडपी उभी होती. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "किती पोळ्या?"

"रोज तीनला," अप्पा खाली मान घालून म्हणाले. "हिची झोप लागली की. डबा उघडला की ह्यो भुकतो. भुकला की ही उठती. म्हून ह्याला अर्धी द्यायचो."

डॉक्टरीणबाई वाट पाहत राहिल्या.

"एक द्यायचो."

"अप्पा."

"दोन. मग बाराचं आयकलं. रातभर इचार केला. आज शपथ घिऊन बंद केलं. चांगलं करायला गेलो, तर ही गत."

"म्हणजे बारा युनिट ह्या दोन पोळ्यांवर ठरले होते," डॉक्टरीणबाई महेश्वरांना म्हणाल्या. "तुमचं मिक्स तीस-सत्तरचं नव्हतंच, काका. तीस, सत्तर आणि दोन शेंगा पोळ्या." त्यांनी नव्या कागदावर डोस लिहिला. उद्यापासून सहा, आणि आठवडाभर रोज फोन. महेश्वरांनी कागद घेतला आणि सगळ्या सूचना मोठ्याने वाचून दाखवल्या. पाचवी दोनदा वाचली.

गौरम्मांनी नवऱ्याकडे वळून शांतपणे विचारलं, "कुत्र्याला दोन. आन तुमी किती?"

अप्पांनी सलाइनच्या बाटलीकडे पाहिलं.

"तुमचं दहा युनिटबी पोळ्यांवरच ठरलंय का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी गौरम्मा अप्पांना त्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. तिथे काय झालं ते गल्लीला कळलं नाही, पण परत आल्यावर अप्पांनी दोन दिवस ओट्यावर बसणं टाळलं. मोटारीच्या पेटीला कुलूप लागलं. सिद्धेश्वरींची साखर मंगळवेढ्याहून परत आली; त्यातली एक पुडी, वर लाल अक्षरात 'टर्की' लिहून, फ्रिजच्या दारात बाटलीशेजारी कायमची उभी राहिली. युवराजसाहेब रविवारी मुलाला भेटायला बॅट-बॉल घेऊन आले. टर्कीला पाहून त्यांनी बॅट हळूच पाठीमागे धरली. बॅट त्यांनी परत नेली. बॉल टर्कीकडे आहे.

सहा युनिटवर टर्कीची संध्याकाळची साखर दोनशेच्या आसपास राहू लागली. दुचाक्यांची चाकं कोरडी झाली. अंगावर पुन्हा टॉवेलसारखे दाट केस आले.

आणि महिन्याभराने एका दुपारी वीरभद्रप्पांनी पुन्हा डबा आणला.

महेश्वर त्या दिवशी सुट्टीवर होते, खिडकीत बसून आलेखाला रंग देत होते, म्हणून त्यांना सगळं दिसलं. अप्पांनी ओट्यावर बसून आत कानोसा घेतला. गौरम्मा घोरत होत्या. अप्पांनी डबा टॉवेलात गुंडाळला आणि झाकण अगदी हलक्या हाताने उघडलं. आवाज आलाच नाही म्हणा ना. पण टर्की आला. समोर बसला. अप्पांकडे पाहिलं आणि भुंकला.

अप्पांनी सवयीने पोळीचा तुकडा मोडला. हात पुढे गेला. टर्कीने तोंड उघडलं. आणि हात मध्येच थांबला. महेश्वर खिडकीत अर्धे उठले होते. पण अप्पांनी तुकडा परत डब्यात टाकला. टर्की पुन्हा भुंकला. त्याला गप्प करायला जगात एकच उपाय होता, आणि तो उपाय अप्पांच्या हातून आता होणं शक्य नव्हतं.

टर्की तिसऱ्यांदा भुंकला. आत घोरणं थांबलं. अप्पांनी एक लांब उसासा टाकला, टर्कीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि घराकडे तोंड करून स्वतःच हाक मारली,

"अगं ये की भाईर. डबा घिऊन जा."